बाजारातलं चोरकुलूप गाडी किती वाचवतं?

चार वर्षांपूर्वीच्या रमजानची गोष्ट. माझ्या आपाच्या घरासमोर, गल्लीत, दुल्हाभाईंची ओम्नी व्हॅन उभी असायची. मॉडेल जुनं, पण बेकरीचा सगळा धंदा तिच्यावर. पहाटे पाव, दुपारी टोस्ट आणि नानकटाई, असे दिवसाला तीन फेरे. एका रात्री सहरीला उठून दुल्हाभाई बाहेर आले तर जागा रिकामी. खाली फक्त तेलाचा डाग.

व्हॅनला सायरन बसवलेला होता. डॅशबोर्डवर लाल दिवाही लुकलुकायचा. रात्री अडीचच्या सुमारास तो सायरन दोनदा वाजला, हे गल्लीतल्या चार घरांनी ऐकलं होतं. एक चाचा म्हणाले, "मला वाटलं, टपावर मांजर बसलं असेल." त्यांचाही दोष नाही. त्याआधीच्या महिन्यात तो सायरन मांजराने, ट्रकच्या धडधडीने आणि एका वरातीतल्या फटाक्यांनी निदान दहा वेळा वाजवला होता.

विमा होता, पण फक्त थर्ड पार्टी. थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही, हे त्या दिवशी पोलीस ठाण्यात कळलं. व्हॅन आजतागायत सापडलेली नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते, गाड्यांमधली तज्ज्ञ नाही. पण गेल्या वर्षी मी स्वतः एक जुनी हॅचबॅक घेतली आणि नाना पेठेतल्या दुकानांमधून फिरले, तेव्हा प्रत्येक दुकानदार एकच वाक्य म्हणाला, "मॅडम, हे लावा आणि बिनधास्त झोपा." दुल्हाभाईंनाही कुणीतरी हेच सांगितलं असणार. म्हणून जरा खोलात गेले. जे समजलं ते इथे मांडते आहे, कारण आपल्याकडे बऱ्याच घरांत गाडी सेकंडहँड असते, रस्त्यावर उभी असते आणि साठवलेल्या पैशांतून घेतलेली असते. गेली की दुसरी घ्यायला वर्षं जातात.

आधी चोर काय करतो ते पाहू

कोणतंही उपकरण चांगलं की वाईट हे ठरवण्याआधी चोराची कामं मोजायला हवीत. त्याला तीन गोष्टी कराव्या लागतात. गाडीत शिरायचं, इंजिन चालू करायचं आणि स्टिअरिंग-गिअर मोकळे करून गाडी हलवायची. चौथी गोष्ट नंतरची, म्हणजे गाडी लपवून विकायची किंवा भंगारात सुटी करायची. बाजारातलं प्रत्येक उपकरण यांपैकी एखाद्याच कामात अडथळा आणतं. सगळी कामं अडवणारं एकही उपकरण नाही.

सायरन पहिल्या कामात आडवा येतो, तोही फक्त आवाजाने. चोराला तो थांबवत नाही, लोकांना बोलावतो. लोक आलेच नाहीत तर सायरनचा उपयोग संपला. शिवाय स्वस्त सायरनला गाडीच्याच बॅटरीतून वीज मिळते. वायर तोडली की तो गप्प. थोड्या महाग सायरनमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असते, तो वायर तोडल्यावरही ओरडत राहतो. घ्यायचाच असेल तर हा घ्यावा. आणि धक्का ओळखणाऱ्या सेन्सरची संवेदना कमी-जास्त करता येते, ती बसवणाऱ्याकडून नीट लावून घ्यावी. बहुतेक जण ती दुकानात होती तशीच ठेवतात आणि मग शेजाऱ्यांचे कान मरतात.

लोखंडी कुलपं

स्टिअरिंगला आडवा लावायचा लाल-पिवळा दांडा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. दांडा मजबूत असतो, यात शंका नाही. पण चोर दांडा कापतच नाही. तो स्टिअरिंगचं चाक कापतो. चाकाच्या आत पातळ धातूची कडी आणि वर रबर किंवा फोम असतो. हातकरवतीने ते थोड्या वेळात कापलं जातं, चाक जरा वाकवलं की दांडा सुटतो. म्हणजे कुलूप पक्कं आणि दार कच्चं, असा प्रकार.

गिअर लॉक मला त्यापेक्षा बरं वाटलं. ते गाडीच्या तळाशी बोल्टने कायमचं बसवतात. बोल्ट आवळताना त्याचं डोकं तुटून जातं, त्यामुळे पान्याने ते पुन्हा उघडता येत नाहीत. गाडी रिव्हर्समध्ये टाकून कुलूप लावलं की गिअर हलत नाही. तोडायला ग्राइंडर लागतो, ग्राइंडरला वेळ लागतो आणि आवाज होतो. चोराचं खरं भांडवल वेळ आहे. दोन मिनिटांचं काम दहा मिनिटांचं झालं तर बहुतेक जण दुसरी गाडी शोधतात. ब्रेक-क्लचच्या पेडलला लावायची कुलपं आणि चाकाला लावायचा जबडाही असतो. चाकाचा जबडा तोडायला खरंच अवघड. पण रोज रात्री वाकून तो जड लोखंडी तुकडा लावणारा माणूस मी अजून पाहिला नाही. माझ्या एका सहकाऱ्याने घेतला, आठवडाभर लावला, आता तो त्यांच्या डिकीत पडून असतो.

यात एक गोष्ट मात्र मन खाते. दिसणारं कुलूप चोराला शेजारच्या गाडीकडे पाठवतं. याचा पुरावा जुना आहे. पश्चिम जर्मनीने 1963 पासून रस्त्यावरच्या सगळ्या मोटारींना, जुन्या आणि नव्या, स्टिअरिंगचं कुलूप सक्तीचं केलं. तिथे गाडीचोऱ्या घटल्या आणि घटलेल्याच राहिल्या. ब्रिटनने 1971 पासून फक्त नव्या गाड्यांना ते लावलं. तिथे नव्या गाड्या वाचल्या आणि चोर जुन्या गाड्यांकडे वळले. जुनी गाडी कुणाकडे असते, हे सांगायची गरज नाही.

चावीतली चिप

आता खरं काम करणारी वस्तू. इम्मोबिलायझर हा शब्द जड आहे, पण युक्ती सोपी. चावीच्या काळ्या प्लास्टिकमध्ये एक बारीक चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. चावी लावायच्या जागेभोवती तारेचं वेटोळं असतं, ते चिपला लांबूनच वीज देतं, चिप आपला कोड सांगते आणि कोड जुळला तरच गाडीचा कॉम्प्युटर इंजिनला इंधन देतो. हुबेहूब कापलेली साधी चावी लावली तर ती फिरते, पण इंजिन चालू राहत नाही.

युरोपीय संघात 1998 पासून नव्या मोटारींना हे सक्तीचं झालं. नेदरलँड्समधल्या 1995 ते 2008 या काळातल्या आकड्यांवर अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा या उपकरणामुळे गाडी चोरीला जाण्याची शक्यता सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. जुन्या गाड्यांकडे वळलेले चोर हिशोबात धरूनही एवढी घट. उलटी परीक्षा अमेरिकेत झाली. तिथे 2011 ते 2021 या वर्षांतल्या किया आणि ह्युंदाईच्या चावीने चालू होणाऱ्या अनेक मॉडेलमध्ये कंपन्यांनी इम्मोबिलायझर दिलाच नव्हता. 2021-22 मध्ये पोरांनी टिकटॉकवर व्हिडिओ टाकले. स्टिअरिंगखालचं आवरण काढायचं, कुलूप उपटायचं आणि यूएसबी वायरच्या टोकाने आतला खुंट फिरवायचा. शहराशहरांत चोऱ्यांची लाट आली. शेवटी 2023 मध्ये कंपन्यांना सॉफ्टवेअर बदलून द्यावं लागलं आणि पोलिसांमार्फत फुकट स्टिअरिंग लॉक वाटावे लागले. शेजारच्या कॅनडात 2007 पासून इम्मोबिलायझर सक्तीचा होता, म्हणून तिथल्या त्याच कंपन्यांच्या गाड्यांवर ही वेळ आली नाही. काही हजारांची बचत केवढ्याला पडली!

तुमच्या गाडीत तो आहे का, हे बघायचं असेल तर चावी लावताना डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह उजळतं का ते पाहा आणि गाडीसोबतचं पुस्तक उघडा. मारुतीच्या पुस्तकात आय-कॅट्स असं नाव दिसेल. असेल तर बाजारातून दुसरा घेण्यात फारसा अर्थ नाही. नसेल, जसा दुल्हाभाईंच्या व्हॅनला नव्हता, तर बाहेरून बसवता येतो किंवा त्याचा गरीब भाऊ म्हणजे कटऑफ स्विच.

कटऑफ स्विच म्हणजे इंधनपंपाच्या किंवा स्टार्टरच्या वायरमध्ये बसवलेलं लपवलेलं बटण. बटण बंद असेल तर चोराने कितीही चावी फिरवली तरी गाडी चालू होत नाही. स्वस्त आणि जुन्या गाडीसाठी उत्तम. अट एकच, ते खरोखर लपलेलं हवं. मी तीन दुकानांत विचारलं, "कुठे बसवाल?" तिघांनीही सांगितलं, स्टिअरिंगच्या खाली डाव्या बाजूला. मग चोरालाही तेच माहीत असणार की! जागा तुम्ही ठरवा आणि घरातल्या दोघांशिवाय कुणाला सांगू नका. वायर कापून नुसती चिकटपट्टी गुंडाळणाऱ्याकडून हे काम करून घेऊ नका. सैल जोडामुळे भर रस्त्यात गाडी बंद पडते, शॉर्टसर्किटची भीती असते आणि नव्या गाडीची वॉरंटीही अडचणीत येते. काही ट्रॅकरमध्ये मोबाइलवरून इंजिन बंद करायची सोय असते. चालत्या गाडीचं इंजिन बंद केलं तर ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतं. चोराच्या हातात असली तरी ती गाडी कुणाच्यातरी लेकरावर जाऊ शकते. ती सोय वापरायचीच तर गाडी थांबलेली असताना आणि पोलिसांना विचारून.

ट्रॅकर थांबवत नाही, शोधतो

जीपीएस ट्रॅकरविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत. तो चोरी रोखत नाही. गाडी गेल्यावर ती कुठे आहे ते सांगतो, तेही त्याला वीज, मोबाइलचं नेटवर्क आणि आभाळ मिळालं तर. तळघरातल्या पार्किंगमध्ये तो आंधळा होतो. सिमचं वार्षिक रिचार्ज संपलं तर मुका होतो, आणि ते संपल्याचं आपल्या लक्षात येतं ते चोरी झाल्यावर. चोरांकडे सिग्नल दाबणारे जॅमर असतात. अनेक टोळ्या चोरलेली गाडी लगेच अड्ड्यावर नेत नाहीत. कुठल्यातरी सोसायटीबाहेर एक-दोन दिवस उभी ठेवतात, कुणी शोधत आलं नाही तर पुढे नेतात. हा वेळ आपल्यासाठी मोलाचा असतो.

अमेरिकेत लोजॅक नावाचं यंत्र 1986 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात सुरू झालं. गाडीत रेडिओ ट्रान्समीटर लपवलेला, बाहेर कसलीही खूण नाही. इयन आयर्स आणि स्टीव्हन लेव्हिट या दोन अर्थतज्ज्ञांनी 1998 मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष गमतीचा होता. ज्या शहरांत थोड्याच गाड्यांत हे यंत्र होतं, तिथेही एकूण गाडीचोऱ्या बऱ्याच घटल्या, कारण कोणत्या गाडीत ते आहे हे चोराला कळतच नव्हतं. स्टिअरिंगचा दांडा चोराला शेजाऱ्याकडे पाठवतो, लपलेलं यंत्र शेजाऱ्यालाही वाचवतं. आणि आपण काय करतो? काचेवर "जीपीएस बसवलेले आहे" असं स्टिकर लावतो. म्हणजे चोराला सांगतो की आधी ते शोधून काढ.

ट्रॅकर घ्यायचा तर आत स्वतःची बॅटरी असलेला घ्या आणि ओबीडी सॉकेटमध्ये लटकणारा टाळा, कारण तो हाताने ओढला की निघतो. अॅपचा कंपनीने दिलेला सोपा पासवर्ड पहिल्या दिवशीच बदला, नाहीतर तुमची गाडी रोज कुठे जाते हे दुसराही पाहू शकतो. गाडी गेली आणि मोबाइलवर ठिपका दिसला तर स्वतः पाठलाग करू नका, 112 ला फोन करून ठिपका सांगा. तरुण मुलांना हे विशेष सांगावंसं वाटतं. फास्टॅगचा मेसेज आला तर तोही पोलिसांना लगेच दाखवा, टोलनाक्याचं नाव आणि वेळ त्यात असते.

नव्या गाड्यांची नवी दुखणी

बटणाने चालू होणाऱ्या गाड्यांत चिप असते, तरी त्या जातात. कशा? घराच्या दारामागे खुंटीला टांगलेल्या चावीचा सिग्नल एक जण यंत्राने पकडतो, गाडीपाशी उभा दुसरा तो पुढे देतो. गाडीला वाटतं, मालक आला. यावर धातूचं अस्तर असलेली थैली मिळते. ती खरी की खोटी हे तपासायला दुकानदाराची गरज नाही. चावी थैलीत घाला, गाडीजवळ उभे राहा, दार उघडलं तर थैली फेकून द्या. घरातला स्टीलचा डबाही असाच तपासून पाहता येतो.

दुसरा मार्ग ओबीडी सॉकेटचा. मेकॅनिक ज्यात मशीन लावून गाडीचा दोष वाचतो, त्याच सॉकेटमधून चोर नवी चावी नोंदवतात. त्यावर बसवायचं लोखंडी झाकण मिळतं. ते किती टिकतं, हे ते कुणी आणि कसं बसवलं यावर आहे. 2023 मध्ये परदेशात आणखी एक प्रकार उघडकीला आला. हेडलाइटमागच्या वायरिंगला यंत्र जोडून गाडीच्या कॉम्प्युटरला खोटे आदेश द्यायचे. अशा चोरापुढे चिपवाली चावी, थैली, झाकण सगळं निरुपयोगी. तिथे पुन्हा जुनं गिअर लॉकच कामाला येतं. टोइंग करून नेणाऱ्यापुढे मात्र तेही हतबल.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी हे जरूर वाचा

आपल्याकडे सौदा तोंडी होतो, ओळखीत होतो, आणि दुसरी चावी "घरी आहे, देतो नंतर" म्हणून राहते. ती कधीच येत नाही. दोन्ही चाव्या हातात घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. त्यानंतर सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन जुन्या सगळ्या चाव्यांची नोंद पुसून तुमच्या दोनच नोंदवून घ्या. बहुतेक चिपवाल्या गाड्यांत ते होतं. याहून स्वस्त आणि उपयोगी चोरकुलूप मला सापडलं नाही.

आरसीवर नाव बदललं की विमाही 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. थर्ड पार्टी आपोआप नव्या मालकाकडे येतो, पण चोरीची भरपाई देणारा भाग तसा येत नाही. गाडी आपली आणि विमा जुन्या मालकाचा, या अवस्थेत गाडी गेली तर कंपनी हात वर करते.

विम्याबद्दल आपल्यातल्या काही घरांत शंका असते, म्हणून कायद्याने सक्तीचा तेवढा थर्ड पार्टी घेतात. तो ज्याचा त्याचा निर्णय, आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारून करायचा. मी फक्त एवढं दाखवते की त्या घरांसाठी गाडी आणि शून्य यांच्यामध्ये फक्त कुलूप उभं आहे. त्यांनी कुलपावर दोन पैसे जास्त खर्च करावेत.

ज्यांचा पूर्ण विमा आहे त्यांना दुकानदार सांगतो, "हे लावलं की प्रीमियम कमी होतो." खरं आहे, पण किती? पुण्याच्या एआरएआय या संस्थेने मान्यता दिलेलं उपकरण असेल आणि ते बसवल्याचं प्रमाणपत्र असेल, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर अडीच टक्के, तेही जास्तीत जास्त 500 रुपये, असा विम्याच्या टॅरिफचा नियम. दोन-तीन हजारांच्या वस्तूसाठी सवलत हे कारण पुरत नाही.

क्लेमच्या वेळी कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक नसेल तर शंका घेते. चावी हरवली तर तेव्हाच पोलिसांत नोंद करा, डुप्लिकेट केली तर पावती जपा. चोरी कळताच आधी पोलीस. नव्या नागरी सुरक्षा संहितेप्रमाणे खबर ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. त्याच दिवशी कंपनीलाही लेखी कळवा. पोलिसांत वेळेवर तक्रार दिली असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून क्लेम नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये स्पष्ट केलं. आणि 2023 मध्ये, चालक चावी ट्रकलाच सोडून उतरला आणि ट्रक गेला, अशा प्रकरणात त्याच न्यायालयाने 75 टक्के रक्कम द्यायला लावली. म्हणजे निष्काळजीपणाने क्लेम पूर्ण बुडाला नाही, पण चौथा हिस्सा गेला. सिग्नलशेजारी चालू गाडी ठेवून पान आणायला उतरणाऱ्या आमच्या शेजारच्या मामूंना मी हे सांगितलं. ते हसले आणि तसेच उतरले.

मी शेवटी काय केलं? माझ्या गाडीच्या चावीत चिप होती, म्हणून सायरन घेतला नाही. पहिल्या आठवड्यात दोन चाव्या नव्याने नोंदवून घेतल्या. जुन्या मालकाच्या नावावर तिसरीही नोंदलेली होती, तिची नोंद तेव्हाच गेली. गिअर लॉक बसवलं आणि त्याची किल्ली गाडीच्या चावीच्याच छल्ल्यात ओवली, म्हणजे लावायचं विसरणं अवघड जातं. ट्रॅकर सध्या नाही. दुल्हाभाईंनी दीड वर्षाने जुनी ईको घेतली. तिला गिअर लॉक आहे, एक बटण आहे, ते कुठे आहे ते मलाही ठाऊक नाही, आणि या वेळी पूर्ण विमा आहे. सायरन त्यांनी बसवला नाही. गल्लीतल्या चाचांचा फोन नंबर मात्र घेऊन ठेवला आहे आणि स्वतःचा त्यांना दिला आहे.